डाग नाहीत

जतनबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, बोटातली अंगठी काढली, चष्म्याची साखळी मानेवरून उतरवली आणि सगळं ओट्यावरच्या वाटीत ठेवलं. नळ सोडून कोपरापर्यंत हात धुतले. पुसले, नखांकडे बघितलं आणि पुन्हा एकदा धुतले.

"पेशंटला भूल दिली का?" दादांनी दारातून विचारलं.

"तुम्ही आपला पेपर वाचा," वहिनी म्हणाल्या.

"पेपर वाचून झाला. शब्दकोडंही सोडवून झालं. सत्तावीस वर्षं बंद असलेली पेटी उघडणार आणि खुद्द नवऱ्याला आत प्रवेश नाही."

"नवऱ्यानं त्या दिवशी तरी कुठं बघितला होता तो पोशाख? सगळा वेळ घाम पुसण्यात गेला त्याचा."

दादा हसत हसत गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. जतनबाईही हसल्या. धुतलेले हात कशाला लागू नयेत म्हणून त्यांनी ते छातीसमोर अधांतरी धरले होते.

घरात त्यांना ताई म्हणत, आत्या म्हणत, आणि वहिनी वन्सं म्हणत. पण वस्तुसंग्रहालयाच्या कापड विभागात तीस वर्षं काढल्यावर जतनबाई हे नाव असं चिकटलं होतं की दादाही चारचौघांत तेच वापरत. दोनशे वर्षांपूर्वीचं रेशीम त्यांच्या हाताखाली आलं की आणखी शंभर वर्षं टिकतं, असं लोक म्हणत. त्या स्वतः असं कधी म्हणत नसत. आकडा सिद्ध करता येत नाही, एवढंच म्हणत.

बाहेरच्या खोलीत मुंगीने टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती. चहाचे कप, पेनं, फुलदाणी असं डाग पाडू शकणारं सगळं तिने आधीच हलवलं होतं. मुंगी म्हणजे दादा-वहिनींची एकुलती एक लेक. लहानपणी एवढीशी होती आणि दिसेल ते उचलून कोपऱ्यात साठवून ठेवायची, म्हणून पडलेलं नाव. रसायनशास्त्र शिकली आणि दोन वर्षांपूर्वी आत्याच्याच विभागात लागली, तेव्हापासून संग्रहालयाजवळ खोली घेऊन राहायची. आत्याने तिच्यासाठी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. तशी गरज पडली नाही. पुढच्या वर्षी जतनबाई निवृत्त झाल्या की त्यांचं टेबल तिला मिळणार होतं. जतनबाईंना संसार नव्हता. मुंगीच्या बोटांत आपली बोटं बघायची त्यांना सवय लागली होती आणि त्या सवयीवर त्यांचे दिवस चालले होते.

तीन आठवड्यांनी मुंगीचं लग्न होतं. आईचाच लग्नातला पोशाख घालणार, असं तिने ठरवलं होतं. "दुकानात काय, कुणालाही मिळतं," ती म्हणाली होती. "आईने घातलेला आणि आत्याने जपलेला कुणाकडे असतो?"

ते ऐकल्यापासून जतनबाईंना धड झोप नव्हती.

आतल्या खोलीत ठेंगण्या कपाटावर ती पेटी होती. पुरुषभर लांब, पांढरट पुठ्ठ्याची. असा पुठ्ठा की ज्यात आम्ल नसतं, त्यामुळे कापड पिवळं पडत नाही. पेटी नेहमी आडवी, पाण्याची पातळी ठेवावी तशी उचलायची. तिरकी झाली की आतलं कापड एका बाजूला घसरतं आणि घड्या ताणतात. त्यामुळे एकट्याचं ते काम नव्हे.

"मी उलटी चालते, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "पायरी आली की सांगा हं. मला मेलीला अंदाज येत नाही."

दोन खोल्यांच्या मध्ये एक पायरी होती. जतनबाई समोरून बघत होत्या.

"आली," त्या म्हणाल्या. "एक पाय खाली. हं. आता दुसरा."

"तुम्ही आहात म्हणून," वहिनी म्हणाल्या.

आधी लहान पेटी उघडायची, असं जतनबाईंनीच सुचवलं. त्यात मुंगीचं तान्हेपणीचं दुपटं होतं. आत्याने स्वतः विणलेलं, स्वतः बांधून ठेवलेलं. फीत सोडण्याआधी मुंगीने सवयीने कडेला अडकवलेलं कार्ड काढून वाचलं. विभागातला हा पहिला नियम होता: आधी कार्ड, मग कापड. प्रत्येक पेटीत एक कार्ड असतं. जो उघडेल त्याने तारीख टाकायची, दिसलं ते शिसपेन्सिलीने लिहायचं, कमी नाही, जास्त नाही. जतनबाई नव्या माणसाला महिनाभर दुसरं काहीच शिकवत नसत.

"लोकर, पांढरी. एका टोकाला दुधाचा डाग, धुतला," मुंगीने वाचलं. "आत्या, माझा डाग पण नोंदवून ठेवलायस होय."

"तू ओकलीस, मी लिहिलं. आपापलं काम."

मुंगी खळखळून हसली. दुपटं बाहेर आलं ते कालच विणल्यासारखं. प्रत्येक घडीत टिश्यू पेपरची वळकटी सारलेली, त्यामुळे कुठे सुरकुती नाही. मुंगीने ते गालाला लावलं नाही; लावायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. तळहातावर धरून नुसती बघत राहिली.

"बघ आई, पंचवीस वर्षं. नवीनपेक्षा नवीन."

"वन्संच्या हाताला तोड नाही," वहिनी म्हणाल्या. "मी तर सगळ्यांना सांगते."

खरंच सांगत. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला चार पाहुणे जमले की वहिनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन पेटी दाखवत. "आमच्या वन्संनी बांधून दिलीय. वीस वर्षं उघडायची नाही असं बजावलंय. काय हो वन्सं, आत सगळं सुखरूप ना?" आणि पाहुण्यांसमोर जतनबाई म्हणत, "सुखरूप." सत्तावीस वेळा म्हणाल्या होत्या.

आता त्यांनी मोठ्या पेटीच्या फितीला हात घातला. काय करायचं ते ठरलं होतं. झाकण उघडलं की कार्ड आधी आपण घ्यायचं, आणि ते एप्रनच्या खिशात गेलं पाहिजे. मग तीन वाक्यं. रेशीम म्हातारं होतं. आतल्या आत काही घडत राहतं ते बाहेरून दिसत नाही. कुणाचा दोष नसतो. तिन्ही वाक्यं खरी होती. त्यांनी ती आरशासमोर म्हणून बघितली होती.

कारण डाग पडला तेव्हा त्या समोरच उभ्या होत्या.

लग्नाच्या दिवशी, बायकांच्या खोलीत. नव्या नवरीच्या हातात गोड सोड्याचा ग्लास, भोवती दहाबारा मैत्रिणी. कुणीतरी विचारलं, नणंद कशी आहे गं? नवरीने दाराकडे न बघता सांगितलं, "आमच्या नणंदबाई संग्रहालयात असतात. घरच्यांनी त्यांनाही तसंच कागदात गुंडाळून ठेवलंय. तिशी आली, कुणी उघडून बघितलंच नाही." खोली हसण्याने फुटली. नवरीला स्वतःलाच इतकं हसू आलं की ग्लास कलंडला आणि उजव्या कमरेखाली रेशमावर सांडला. रंग नव्हता. टिपलं, वाळलं, दिसेनासं झालं. जतनबाई दारात हातात हेअरपिना घेऊन उभ्या होत्या. नवरीने मागवलेल्या. त्यांनी त्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "मोजून घे, आठ आहेत."

चार दिवसांनी पोशाख ड्रायक्लीन होऊन त्यांच्याकडे आला. ड्रायक्लीनिंगने तेल जातं, मेण जातं. साखर जात नाही. साखरेला पाणी लागतं. ती धाग्यात बसून राहते, बिनरंगाची, आणि वर्षानुवर्षं हवा खाऊन सावकाश तपकिरी होते. शेवटी धागा तुटतो. जतनबाईंनी पोशाख संग्रहालयात नेऊन, न दिसणारे डाग दाखवणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली धरला. उजव्या कमरेखाली बशीएवढी जागा निळसर उजळली. दहा मिनिटांचं काम होतं. एक वाटी पाणी आणि टीपकागद.

त्यांनी दिवा बंद केला. पोशाख उत्तम बांधला, इतका की त्याहून चांगला कुणी बांधू शकलं नसतं. आणि कार्ड कोरं सोडणं हाताला जमेना, म्हणून लिहिलं: डाग नाहीत. आयुष्यात कागदावर लिहिलेली ती एकच खोटी नोंद.

एकदा त्यांचं मन पालटलं होतं. मुंगी तीन वर्षांची होती. तापातून उठून आत्याच्या मांडीवर झोपली होती, आणि जतनबाई एकाएकी म्हणाल्या होत्या, "वहिनी, ती पेटी एकदा उघडून बघू का? हवा दाखवते, परत बांधून देते." वहिनींनी भाजी निवडता निवडता वर बघितलं आणि गोड हसल्या. "नको हो वन्सं. वीस वर्षं उघडू नये असं तुम्हीच ना लिहिलंय? तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

केवढा विश्वास, असं तेव्हा वाटलं होतं. त्या विश्वासाने जतनबाईंना पुढे बावीस वर्षं टोचलं.

गाठ सुटली. त्यांचीच गाठ, चपटी, दोन्ही टोकं सारखी कापलेली. पण बोटं मध्येच थांबली. इतकी वर्षं न हललेली सुती फीत गाठीपाशी ताठ होते, वळ धरते. ही मऊ होती. रोजच्या पायजम्याची नाडी असते तशी.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही."

त्यांनी झाकण उचललं. झाकण मोठं होतं, दोन्ही हातांत मावत नव्हतं. ते कडेला उभं करेपर्यंत मुंगीने कार्ड उचललं होतं. आधी कार्ड, मग कापड. त्यांनीच शिकवलेलं.

"दे इकडे, मी वाचते," जतनबाई म्हणाल्या.

"थांब गं, तुझे हात धुतलेले आहेत." मुंगीने कार्ड उजेडात धरलं. "रेशीम, हस्तिदंती. बाह्या लांब. ड्रायक्लीन केलेला. डाग नाहीत. वीस वर्षं उघडू नये." ती थांबली. "खाली अजून आहे. हे तुझं अक्षर नाही."

वहिनी खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला.

"वाच की," त्या म्हणाल्या.

"'पहिलं वर्ष. उजवीकडे कमरेखाली फिकट पिवळा डाग, बशीएवढा. बोट ओलं करून घासलं, जिभेला लावलं. गोड लागलं. पाण्याने धुतलं तर जाईल.'" मुंगीने आईकडे बघितलं आणि पुन्हा कार्डाकडे. तिचा आवाज विभागात नोंदी वाचताना असायचा तसा सपाट झाला. "'तिसरं वर्ष. मधाचा रंग. पाचवं वर्ष. वन्संनी पेटी उघडू का म्हणून विचारलं. नको म्हटलं. सातवं वर्ष. चहासारखा. बारावं. कडा गडद. अठरावं. गंजासारखा. चोविसावं वर्ष. हात लावला तर कापड तुटतं.'"

गॅलरीतून दादांचा कुणाशी तरी फोनवर बोलण्याचा आवाज आला. ते मजेत होते.

"गाठसुद्धा शिकले मी तुमच्यासारखी," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यांदा चार वेळा सोडून बांधावी लागली. दिसलं ते लिहायचं, असं तुम्ही म्हणायचा ना? मी तेवढंच केलं. तोंडातून ब्र काढला नाही कुणाजवळ. ह्यांच्याजवळसुद्धा नाही."

मुंगीने टिश्यूचा वरचा थर दुमडला. मग दुसरा. खोलीत कागदाची कुजबुज तेवढी झाली. हस्तिदंती रेशमात उजव्या कमरेखाली करपलेल्या पानासारखा गोल होता, मधोमध चिरलेला. बाकी सगळा पोशाख निर्मळ होता.

"साखर," मुंगी म्हणाली.

जतनबाईंची तीन वाक्यं आता कामाची नव्हती. साखर म्हणजे काय ते त्यांनीच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

"आत्या, हे बांधताना तू दिव्याखाली बघितलं होतंस?"

"बघितलं होतं."

"आणि 'डाग नाहीत' लिहिलंस."

"हो."

"का?"

सत्तावीस वर्षांपूर्वीचा विनोद पंचवीस वर्षांच्या मुलीला सांगायचा, तर तो पुन्हा एकदा होणार होता. या वेळी जतनबाईंच्याच तोंडून. वहिनी त्यांच्याकडे मान किंचित कलती करून बघत होत्या. एखादी गोष्ट उकळी येईपर्यंत बघत उभं राहावं, तशा.

"सांगा की, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "ती विचारतेय."

तेव्हा जतनबाईंच्या लक्षात आलं की हा दिवस आजचा नव्हता. पेटीसमोर उभं करून दर वर्षी विचारलेलं ते सुखरूप ना, ती पाहुण्यांची रांग, ते गोड हसू, हे सगळं या टेबलापर्यंत येण्यासाठीच चाललं होतं. मुंगी मोठी होईपर्यंत. मुंगीला कार्ड वाचता येईपर्यंत. त्यांनी अंगावरचा एप्रन सारखा केला. तीस वर्षं नोंदी तपासणाऱ्या बाईला नोंदीतली फट नेहमी दिसते, तशी ती दिसली.

"मुंगे," त्या शांतपणे म्हणाल्या, "आईची पहिली ओळ परत वाच. शेवटचं वाक्य."

मुंगीने वाचलं. "'पाण्याने धुतलं तर जाईल.'"

तिने कार्ड खाली घेतलं.

"आई," मुंगी म्हणाली, "तू धुतलं का नाहीस?"

"मी कशाला धुऊ? मी पाडला होता का—" वहिनी थांबल्या. ग्लास कुणाच्या हातात होता ते त्यांना आठवलं असावं. "वन्सं स्वतःहून सांगतात का, ते मला बघायचं होतं."

"कधीपर्यंत?"

वहिनींनी टेबलावरच्या चादरीची एक सुरकुती बोटाने सपाट केली. ती पुन्हा उठली.

"त्यांनी विचारलं तेव्हा उघडू दिलं असतंस तर?" मुंगी म्हणाली. "मी तीन वर्षांची होते. तेव्हासुद्धा निघाला असता. आत्याने काढला असता."

"त्यांना काढायचाच होता," जतनबाईंकडे न बघता वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर."

मुंगीने मान डोलावली. एखादं उत्तर वहीत उतरवून घ्यावं तशी. मग तिने बाजूची शिसपेन्सिल घेतली, कार्ड टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि लिहू लागली. जतनबाई समोर उभ्या होत्या. उलटं अक्षर वाचायची त्यांना सवय होती. तारीख. डाग: आहे. कापड: तुटलेलं. पुढे मुंगी क्षणभर थांबली आणि तिने एक नवा रकाना आखला, कार्डावर कधीच नसलेला. हजर: दोघी.

तिने टिश्यूच्या वळकट्या एकेक करून जागेवर सारल्या, घड्या आधीच्या रेषांवर येऊ नयेत म्हणून दोन बोटं सरकवल्या, कागद मिटला. जतनबाईंनी मदतीला हात पुढे केला तर ती म्हणाली, "असू दे." हात इतके सफाईने चालत होते की जतनबाईंना, त्या तशा वेळीही, बघत राहावंसं वाटलं. गाठ मात्र तिने वेगळी बांधली. साधी, कुणीही बांधतं तशी.

"मग लग्नात काय घालशील?" वहिनींनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"आणीन काहीतरी. एका दिवसापुरतं." मुंगीने चपला घातल्या. "ठेवायचं नाहीये."

"मुंगे, हे दुपटं," जतनबाई म्हणाल्या. लहान पेटी त्यांनी उचललीही होती.

"राहू दे इथेच."

"उद्या येशील ना?"

"कामावर येईन," मुंगी म्हणाली. दारातून तिने एकदा वळून टेबलाकडे बघितलं. "पेटी आत ठेवा. आडवी धरा. एकटीने नका उचलू."

जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. दादांनी गॅलरीचं दार उघडून विचारलं, "काय, झालं का? कसा निघाला?" दोघींचे चेहरे बघून त्यांनी आपणहून दार पुन्हा लावून घेतलं.

वहिनी उठल्या आणि पेटीच्या बाहेरच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. जतनबाई आतल्या खोलीच्या बाजूला होत्या. दोघींनी एकदमच पेटीखाली हात घातले आणि उचलली. पेटीचं वजन फारसं नव्हतंच.

आता उलटं चालायची पाळी जतनबाईंची होती. त्या एकेक पाऊल मागे टाकत गेल्या. पेटी पाण्यासारखी सपाट होती. पायरी मागे कुठेतरी जवळच होती. टाचेने चाचपली तर फरशीच लागली. त्यांनी वर बघितलं. वहिनींना त्यांच्या खांद्यावरून सगळं स्वच्छ दिसत होतं.

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. जतनबाईंनी पुढचं पाऊल मागे टाकलं.